पोकळ खांब

यावलच्या जुन्या मंडईचं मोजमाप
नगरपालिकेनं माझ्याकडे दिलं.
टेपचं दुसरं टोक कौतिकबाईच्या पायाखाली.
ती वरून भरताची वांगी निवडत बसलेली.

खांब चोवीस. बिडाचे.
नकाशात चौदा फूट,
मोजले तर साडेतेरा.
सहा इंच पाल्यात, मातीत,
फरशीवर घातलेल्या फरशीत गेले.
पायथ्याशी कारखान्याचं नाव, उठावाच्या इंग्रजी अक्षरांत,
टेकलेल्या पाठींनी झिजवलेलं.
एक 'ओ' तेवढा शाबूत.
त्याच्या पोटात कुणीतरी कुंकू लावलंय.

वर, खांब कमानीला भिडतो तिथे
लोखंडी पानं उमललीत.
कुठल्या झाडाची ते कॉलेजात शिकवलं होतं. विसरलो.
मुळ्याचा पाला, कौतिकबाई म्हणाली.
छट्, करडईचा, पलीकडून मिरचीवाली.
दोघींचे तराजू त्याच पानांना टांगलेले.

छपराच्या माथ्यावर काचा.
ज्यानं नकाशा काढला त्याच्या गावी
ऊन पाहुण्यासारखं येत असेल.
इथे ते घरजावई.
पहिल्याच वैशाखात म्हणे
ढिगातल्या ढिगात कोथिंबीर शिजली.
तेव्हापासून होळी झाली की
एक तडवी वर चढतो, काचांना चुना फासतो.
आधी छबू. आता त्याचा मुलगा सरदार.
काच किती जाड, मी खालून ओरडलो.
"काच कुठे राहिली, साहेब?
आता चुन्यालाच छप्पर म्हणा."

रकाना : सद्यस्थिती.
मी पुटपुटत लिहिलं, खांब भरीव, ठीक.

"काय लिही ऱ्हायला रे भो?"
कौतिकबाईनं अर्ध्या किलोचं वजन उचललं,
खांबावर दोनदा वाजवलं.
"पोकय हाये तो.
अख्ख्या छपराचं पानी याच्याच पोटातून जाते.
लाव, कान लाव."

बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं.
सात महिन्यांत ढग नाही.
तरी लावला कान.
बीड गार. आत काहीच नाही.
हसणार होतो,
तेवढ्यात वर सरदारनं
चुन्याची बादली विसळून पन्हाळीत ओतली

आणि माझ्या कानशिलापासून तळपायापर्यंत
खांब बोलत गेला.

'भरीव' खोडलं.
पुढे काय लिहायचं ते सुचेना.
कौतिकबाईनं पाय उचलला.
टेप सर्रकन माझ्याकडे आली,
टोकाला वांग्याच्या देठाचा काटा.