इंचाचा आटा

पिकअप म्हटलं की आमच्या गल्लीत टेम्पो.
त्यामुळे पास्कूकाका दारात उभे राहून म्हणाले,
"बाई, पिकअप खडखडतोय,"
तेव्हा मी आधी खिडकीतून खाली बघितलं.
मग त्यांनी खांद्यावरची गिटार उतरवली.

किसन नगर, पहिला मजला.
मिक्सर, इस्त्री, क्वचित कुणाचा पंखा.
त्याआधी एकवीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
रिलेच्या कॉइल गुंडाळल्या.
चरईत कुणीतरी त्यांना सांगितलेलं:
केसाहून बारीक तार न तोडता हाताळते,
ती घरत बाई.

वरचा पत्रा उचलला
आणि आत तीच लाली, तांब्याची,
सात-आठ हजार वेढे एकमेकांना चिकटून.
मीटर लावला. काटा सरळ उठला.
कॉइलला काही झालेलं नव्हतं.
झालेलं होतं ते एका स्क्रूला.
अख्खा पिकअप दोन स्क्रूंवर टांगलेला असतो,
आणि जाड तारेच्या अंगाचा
खाडीच्या हवेनं पार खाल्लेला.
त्याची स्प्रिंग बोट लागताच
जिऱ्यासारखी पानावर सांडली.
तिच्या जागी पाचरीसारखी
काडेपेटीतली एक काडी.
"ही कुणी खोचली?"
काका पंख्याकडे बघत राहिले.

रोड नंबर सोळाच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला म्हणाला,
हा इंचाचा आटा, ताई, कोण ठेवतो आता?
मिलिमीटरचा न्या, बसेल.
बसतो तसा. दोन फेरे गोडीनं जातो,
तिसऱ्याला अडतो,
आणि जोर केला तर दोघांचेही आटे जातात.

मग कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला.
आमच्या कंपनीचे नकाशे विलायतेचे, मापं इंचात.
शटर पडलं त्या दिवशी
शेवंतानं भिंतीवरचं घड्याळ नेलं,
मी ओटीत मूठभर स्क्रू.
कशाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
चौथा लागला. सरसर,
लोण्यात सुरी जावी तसा.
त्याआधी एकदा चिमट्यातून निसटून
चुंबकाला जाऊन चिकटला,
आणि सोडवताना माझा श्वास
कॉइलच्या इतक्या जवळ, की मी तो धरूनच ठेवला.

स्प्रिंगऐवजी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी,
नखाएवढी कापून.
रबर गंजत नाही.
तारेखाली रुपयाची दोन नाणी सरकवून
दोन्ही बाजू सारख्या केल्या,
अगदी सारख्या, मला तशीच सवय.

दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी स्टिरिओत वायर खोचली.
काकांनी एकदाच हात फिरवला.
जाड तार अशी घुमली
की रॅकवरच्या मिक्सरची भांडी थरथरली.
मला वाटलं, झालं काम.
त्यांनी तळवा टाकून ती गप्प केली.

"एवढी नको. तो भाग अंतोनचा."

लग्नांत हे दोघं. बास अंतोनचा.
त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून
काका आपली जाड तार दबकी ठेवायचे.
स्प्रिंग मेली तेव्हा काडी घातली, त्यालाही वर्षं झाली.
"अंतोन कुठं असतात?"
"वसईला, मुलीकडे. ऐकू येत नाही त्याला.
वाजवणं कधीच सुटलं."
"मग आता?"
"खाली घ्या, बाई."

घेतला खाली. डावीकडे अडीच फेरे.
नाणी तीन झाली, चौथं अर्धं शिरलं.
बारीक बाजू वर, जाड बाजू खाली,
माझ्या हाताखालून
इतकं तिरकं काम कधी बाहेर गेलं नव्हतं.
साठ रुपये घेतले. स्क्रूचे नाही घेतले.

रात्री गॅसचा लायटर चालेना.
टेबलावर ती काडी होती, गुल शाबूत.
दमट होती.
तिसऱ्या ओढीला पेटली.