पाढा नसलेली लांबी

शिरोड्याच्या मिठागरात माझा बाप मापं घ्यायचा.
चार हातांची एक काठी,
दोन्ही टोकांना तांब्याचं कडं.
काठी म्हणजे एक.
बाकीचं जग तिच्यातून निघायचं:
सव्वा काठी बांध, अडीच काठी पाट,
पाऊण काठी चर.
शाळा चौथीत सुटलेली,
पण पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी
पानाच्या विड्यासारखी गालात.

भरतीसुद्धा त्याने पाऊणकीत बसवलेली.
तिथीची पाऊणपट, ती पाण्याची वेळ.
अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ.
आणि कधी चुकलंच, तर
"पाण्याक उशीर झालो, तर चूक पाण्याची."

एका मे महिन्यात पेडणेकर शेठ म्हणाले,
रुमाजी, या चौकोनी वाफ्यावर
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फळ्या टाकू,
किती लागतील सांग.
दहा काठ्या लांब, दहा काठ्या रुंद वाफा.
बापाने दोरी ताणली.
चौदा काठ्या, आणि वर एक तुकडा.
तुकडा काठीवर सात वेळा ठेवला,
काठी भरली.
नाही. भरत आली.
नखाएवढी जागा उरली.

दोरी ओली असेल, म्हणून वाळवली.
बांध तिरका असेल, म्हणून गुण्या लावला.
पहाटे, वारा पडलेला असताना, पुन्हा मोजलं.
नख तिथेच.
शेठ हसले. लिही, चौदा आणि सातवा हिस्सा,
नखाने फळी बुडत नाही.
त्याने लिहिलं.
पण त्या आकड्याखाली शाईचा एक ठिपका दिला,
आणि त्या रात्री जेवताना बोलला नाही.

मी नववीत गेले तेव्हा ठिपका उघडला.
एकाला सातने भागा:
शून्य पूर्णांक एक चार दोन आठ पाच सात,
आणि पुन्हा एक चार दोन.
परत यावंच लागतं.
बाकी उरायला सहाच दारं,
सातव्या खेपेला
कुठल्यातरी ओळखीच्या दारात पाय पडणारच.
आणि वाफ्याचा कर्ण:
चौदा पूर्णांक एक चार दोन,
इथवर दोघी एकाच पायवाटेने आलेल्या,
मग ही आठकडे वळली, घरी,
आणि ती एक, तीन, पाच, सहा करत
कुणाचंही दार न ठोठावता चालत राहिली.
तिचा अपूर्णांक मांडून बघा:
वरचा सम निघतो, मग खालचाही सम,
अर्धे करा, पुन्हा दोन्ही सम,
नारळ फोडत जावं आणि
प्रत्येक कवडीत आख्खा नारळ निघावा तसं.
असा नारळ नसतो.
म्हणून तसा अपूर्णांकही नसतो.

हे मी बापाला सांगितलं तेव्हा
मिठागर सुटलेलं होतं,
काठी दाराला अडसर म्हणून लागत होती.
"म्हणजे दोरी बरोबर होती?"
होती.
"आणि माझो हात?"
तोही.
बराच वेळ त्याने अंगठ्याचं नख पाहिलं.
"मगे ह्याका काय म्हणतत?"
अपरिमेय, म्हटलं.
त्याने शब्द उचलून पाहिला,
अप-री-मेय,
आणि खाली ठेवला.
"पाढो नाय त्याचो?"
नाही.
"आणि पाण्याचां?"

ते मला येत नव्हतं.
त्या दिवशी नवमी होती.
नवाची पाऊणपट, पावणेसात.
पावणेसातला आम्ही बांधावर उभे होतो.
पाणी अजून
नखभर खाली होतं.