डावीकडचा ब्रेक

तुस्कानो मास्तरांच्या पायाखाली एक ब्रेक आहे,
एक क्लच.
बाकी सगळं माझ्याकडे: स्टिअरिंग, गिअर, हॉर्न,
छातीतली धडधड,
आणि टपावरच्या पाटीतलं ते लाल अक्षर,
की ही अजून शिकतेय.
इतकं खरं माझ्याबद्दल कुणी आधी लिहिलं नव्हतं.

पहिल्या सकाळी गाडी चालूच केली नाही.
अणुशक्तीनगरच्या भिंतीलगत,
पाववाल्यांच्या सायकली जात होत्या तेव्हा,
मला आरसे लावायला सांगितले
आणि स्वतः खाली उतरून
मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसले.
"दिसतो का?"
आवाज येत होता. माणूस नव्हता.
साठीचा, चौकड्यांच्या शर्टातला अख्खा माणूस
तिन्ही आरशांतून गायब.
"इथे एखादं पोर असतं," गुडघे झटकत म्हणाले.
त्या दिवसाचा धडा तेवढाच.

हाफ क्लच पुस्तकात असतो चार ओळींचा.
फ्लायओव्हरच्या चढावर, मागे डंपर चिकटलेला असताना
तो पोटरीत शोधावा लागतो.
"गाडी जरा थरथरेल. मग ब्रेक सोड. घाई नको."
मी घाई केली.
वीतभर मागे घरंगळलो,
आणि डावीकडे कट्‌ असा आवाज होऊन थांबलो.
डंपरवाल्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला.
मास्तरांनी खिडकीतून हात काढून
बोटानं टपावरची पाटी दाखवली फक्त.
"तोपण असाच शिकला. विसरलाय. परत घे."

ते कट्‌ मी मोजायला लागले.
पहिल्या आठवड्यात बोटं पुरेनात.
दुसऱ्यात: सुमननगरच्या सिग्नलला एक,
रिक्षा आडवी घुसली तेव्हा एक,
आणि शाळेच्या बसखालून दोन पांढरे मोजे दिसले तेव्हा
नाही.
तेव्हा मी आधीच थांबले होते.
मोजे रस्ता ओलांडून गेले, त्यांना काही कळलंही नाही.
मास्तर बोलले नाहीत.
खिशातलं पेपरमिंट काढून डॅशबोर्डवर ठेवलं.

अठराव्या दिवशी, सिग्नलला, सहज बघितलं
तर चपला काढून, सीटवर मांडी घालून बसलेले.
"कधीपासून?"
"मंगळवारपासून," ते म्हणाले. "हिरवा झाला बघ."

वडाळ्याला आठचा आकडा काढला.
परवान्यावरचा फोटो घाबरट आला आहे;
तो आधीचा आहे.

आता डावीकडे बाबा बसतात.
बेस्टमध्ये एकतीस वर्षं, अणिक डेपो,
एकही अपघात नाही म्हणून मिळालेलं घड्याळ अजून मनगटावर,
आणि मला कधी सायकलसुद्धा नाक्यापुढे नेऊ दिली नाही.
कारण विचारलं की म्हणत,
मला माहीत आहे ना रस्ता.
आज त्यांना मोतीबिंदू दाखवायला सायनला नेतेय.
दर शंभर पावलांवर त्यांचा उजवा पाय
रबरी मॅट दाबतो. कट्‌ वाजत नाही,
नुसतं रबर कुरकुरतं.
"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."
"माहीत आहे गं."
पुढच्या सिग्नलला पुन्हा.

चुनाभट्टीला एक बाई मोबाइल कानाला लावून
थेट समोर आली.
आमचे दोघांचे पाय एकाच क्षणी खाली गेले.
गाडी थांबली. एकाच ब्रेकवर.
बाई पलीकडे पोचूनही बोलतच होती.

बराच वेळ काही नाही.
मग, "क्लच जरा लवकर दाबतेस.
आधी ब्रेक. इंजिनलापण थोडं काम करू दे."

सेहेचाळिसाव्या वर्षी बापाकडून पहिला धडा.
"बरं," म्हटलं.
पहिला टाकला, आरसा बघितला;
मागच्या डाव्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.
तरी मान वळवून एकदा
डावीकडे बघितलंच.