फ्रिजचे तास

औलूला नोव्हेंबरात तीन-साडेतीनलाच अंधारतं.
सारेला बाई पडद्यावरचा आकडा माझ्याकडे वळवतात:
रोज सरासरी चौदा मिनिटं.
दहा तास हवेत, म्हणतात, आवाज न चढवता.
मी मान हलवते.
इल्मो त्यांच्या खुर्चीचं चाक फिरवत बसलेला,
उलटं, सुलटं, उलटं.

त्यांना मी फ्रिजचं सांगत नाही.

घरी पोचल्यावर, बूटसुद्धा काढायच्या आधी
तो कानामागचं यंत्र काढतो
आणि चुंबकाची चकती फ्रिजच्या दाराला लावतो,
वीजबिलाच्या शेजारी.
टक्.
मग नारिंगी दिवा लुकलुकत राहतो:
डोकं सापडत नाही, डोकं सापडत नाही.

आमचा फ्रिज सगळं ऐकतो.
पेका आणि मी दबक्या आवाजात भांडतो ते,
कुणाच्या घराण्यात होतं असलं काही, ते.
ऑपरेशनच्या आधीपासून जपून ठेवलेली वाक्यं
बहुतेक त्यालाच ऐकवली मी.

दोन वर्षं थांबले.
इल्मो. मागून. बाजूने. कुजबुजून. पातेलं बडवून.
त्याने वळायचं आणि मी रडायचं,
असं माझं माझ्याशी ठरलं होतं.
वळला नाही.
आवाज पोचत होता, आलेख तसं सांगत होते.
नावाचं त्याला काही काम नव्हतं.

परवा कपडे लावले होते.
मशीन शेवटच्या पिळण्याला आलं, फरशी थरथरली,
आणि तो उठला.
फ्रिजवरची चकती सोडवली,
आपल्या हाताने डोक्यावर बसवली,
चुकली, पुन्हा बसवली.
मशीनच्या गोल काचेला गाल लावून बसला.
दिवा हिरवा.
जिभेवर आलेलं 'शाब्बास'
मी गरम बटाट्यासारखं गिळलं.
सहा मिनिटं.
यात माझं एकही अक्षर नाही.

मशीन थांबलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
पण हात उचलून म्हणाला: अजून.
वर्गात कधीतरी शिकवलेली खूण,
केकसाठीसुद्धा वापरली नव्हती आजवर.
हात खाली आला. पुन्हा वर गेला.
अजून.

धुवायला काहीच उरलं नव्हतं.
पेका दारात, काहीतरी विचारायच्या बेतात;
त्याला नजरेनेच थांबवलं.
पायातले मोजे काढले, आत टाकले,
आणि नुसत्या पिळण्याचं बटण दाबलं.