आपोआप

मकबूलमामूंच्या दुकानात
सगळ्या गिटारी आपोआप मोडलेल्या असतात.

स्टेशन रोडला, पाट्या रंगवणाऱ्याच्या शेजारी,
सहा बाय आठची जागा. मूळचं काम पेट्यांचं.
भजनी मंडळांच्या पेट्या, एखादा बुलबुल,
आणि आता पोरांच्या गिटारी,
खुंटीला उलट्या, बोकडांसारख्या टांगलेल्या.

वहीत मामू तीन रकाने आखतात.
नाव. काय मोडलं. कशानं मोडलं.
तिसऱ्या रकान्यात वर एकदा आपोआप,
खाली पानभर नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा.

वसमतच्या पोराच्या गिटारीची मान तुटलेली:
आपोआप.
लग्नघरात तिच्यावर चौदा गाद्या रचल्या होत्या,
हे तो सायकलवर टांग टाकल्यावर बोलला.
चर्चमधल्या शांतवन सरांच्या गिटारीला
पाठीवर ओरखड्यांचं गोल रिंगण;
मामू सरांच्या पोटाकडं बघतात,
पोटाखालच्या पितळी बक्कलकडं बघतात,
आणि दोन रेघा ओढतात.

माझ्या गिटारीचा ब्रिज उखडला होता.
त्याच्याखालचं लाकूड भाकरीसारखं फुगलेलं.
तिसऱ्या पगारात घेतलेली.
लॅबमध्ये रक्त काढते मी,
हात हलका आहे पोरीचा, म्हणतात लोक.
एफ मात्र अजून लागत नाही.

परभणीचा मे. गच्चीवर आईनं
जुन्या धोतरावर कुरडया घातल्या.
दहाच्या सुमाराला वारं सुटलं.
एका टोकाला वीट, एकाला वरवंटा,
एकाला तुरीच्या डाळीचा डबा,
आणि चौथ्या टोकाला, काळ्या पिशवीतलं,
घरात त्या घडीला जे रिकामं होतं आणि जड होतं ते.

मी तीनला आले.
पिशवीच्या चेनला हात लावता येईना.
“कशानं झालं काय की गं,” आई म्हणाली,
“आपोआपच झालं असल.”
आणि कुरडया मोजायला बसली, मोठ्यानं.
दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा मीच म्हणाले, सत्तेचाळीस.

मामूंनी गिटार कानाशी धरून हलवली.
आत खुळखुळलं.
उपडी केली तर गोल भोकातून
दोन पिक, जोंधळ्याचे चार दाणे,
दिवाळीपासून हरवलेली माझ्या कानातल्याची फिरकी,
आणि पांढरी, कडकडीत, नखाएवढी एक तार,
जी कुठल्याच गिटारीला नसते.
त्यांनी ती उजेडात धरली. हुंगली.
“गव्हाच्या चिकाची,” म्हणाले,
“हाताला चव दिसती करणारीच्या.”
मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत,
“आपोआप तर बेटा, नुसती धूळ बसती.”

मी समोरच्या पाटीवरची ओली अक्षरं वाचत राहिले.
शेवटच्या अक्षराची वेलांटी अजून द्यायची होती.
“लिहा ना मामू,” म्हणाले.
त्यांनी दोन रेघा ओढल्या,
खालच्या जरा जास्त दाबून.

सरस, शिकंजा, पाच दिवस, साडेचारशे.
आता तिसऱ्या पडद्यावर जाड तार किरकिरते.
आईला वाटतं ती पहिल्यापासूनच तशी होती.
मीही तेच सांगते, विचारलं कुणी तर.
विचारत नाही कुणी.

यंदा पुन्हा कुरडया. दुपारी लॅबमध्ये फोन:
“वारं सुटलंय. तुझी ती पेटी उचलून
पलंगाखाली ढकलली बरं का, भिंतीला लावून.”
पलंगाखाली, भिंतीला लावून,
म्हणजे कूलरची नळी जिथं ठिबकते तिथं.

फोन खांद्यात दाबलेला.
सुई कुणाच्या तरी शिरेत,
नळीत लाल चढतंय, हलायचं नाही.

“बरं,” मी म्हणते.
“बरं केलंस.”