आठवा

जिन्यालगतच्या भिंतीवर सात बेस,
सगळ्यांच्या माना एकीकडे,
शाळेच्या फोटोतल्या मुलांसारख्या.
आज आठवा आला. त्याची मान उलटीकडे.

गेथिन डावखुरा. पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्यातल्या बँडमध्ये
चाळीस वर्षं उजव्यांचेच बेस
उलटे धरून वाजवले त्याने:
जाड तार खाली, बारीक वर,
मनगट घासायचं आवाजाच्या बटणांवर.
लोक म्हणायचे, याच्या डाव्या हाताचा मळ!
रात्री तो डावा हात
बर्फाच्या भांड्यात असायचा.

आठवा स्वान्सीच्या एका बाईंचा.
म्हणाल्या, "हे होते तोवर
कुणी उसना मागितला नाही कधी.
कोण मागणार?"
पैसे दोनदा मोजले त्यांनी,
पट्टा मात्र ठेवून घेतला.

घरी येऊन गेथिनने तो मांडीवर घेतला.
सगळं जिथल्या तिथे. बटणं खाली, जाड तार वर.
आणि बोटं अडखळली.
जन्मभर चुकीच्या नावाने हाक ऐकलेल्या माणसाला
कुणी बरोबर नावाने हाक मारावी
आणि त्याने वळूनच बघू नये, तसं.
मी चहा ठेवला, वर गेले.

मध्यरात्री पक्कडीचा आवाज.
खाली येऊन बघते तर चारी तारा काढलेल्या,
खाचा कानशीने घासणं चाललेलं.
जाड खाली. बारीक वर.
"नव्याकोऱ्याची वाट लावतोयस?"
"नाही गं नेरिस," मान वर न करता म्हणाला,
"वळण लावतोय."

सकाळी खिळा मीच ठोकला.
तो मागून सांगत होता,
अजून जरा डावीकडे घे,
कोपर लागायला नको कुणाचं.