घरातला मासा

मोसुलच्या डाव्या किनाऱ्यावर, टेकडीच्या पोटात,
चोरांनी खणलेल्या बोगद्यात बसून मी विटा पुसते.
वर पैगंबराची कबर होती.
सुरुंग लावणाऱ्यांना ती नको होती,
खाली विकण्याजोगं काय आहे ते मात्र हवं होतं.
कुदळी घेऊन ते आत शिरले
आणि थेट राजवाड्यात निघाले.

पुरावा असाही येतो, चोरपावलांनी.

मी शमीराम, करमलेशची.
आजपासून तीन दिवस अन्नपाण्याला शिवणार नाही.
आमच्यात हा उपास जुना.
आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी
गोठ्यापुढचा चारासुद्धा दुपारपर्यंत उचलून ठेवत,
कारण निनवेच्या राजानं म्हणे
गुरांनाही गोणपाट नेसवलं होतं.

हेन्रिक सज्जन आहे. कपाळावर दिवा बांधून येतो,
वाकतो, हळू बोलतो.
असा राजा नोंदीत नाही, म्हणतो. असा पश्चात्ताप नाही.
नोंदीत आग आहे. शहर वाचलंच नाही, शमीराम.

खरं आहे त्याचं.
ती काजळी माझ्या नखांत आहे, लिंबानंही जात नाही.

नोंदीत गुरंही आहेत.
लुटीच्या यादीत, आकड्यांनी.
त्यातलं कोण उपाशी होतं
हे लिहावंसं कुठल्या कारकुनाला वाटलं नाही.

आमच्या गोष्टीत देवानं हे शहर पोटात घातलं.
इतिहासात आगीनं.
मधे अडीच हजार वर्षं मी बसलेय
ब्रश घेऊन.

दुपारी राखणदार येतो, धन्नून.
थर्मासात सुक्या लिंबाचा चहा.
मी पीत नाही म्हणून तोही पीत नाही,
झाकण मात्र उघडतो, वास तरी घे म्हणतो.
हेन्रिक त्याला वहीत काढून दाखवतो:
जुन्या लिपीत शहराचं नाव असं लिहीत.
एक घर. आत मासा.
योनाच्या गोष्टीच्या कितीतरी आधीपासून.

धन्नून हसतो. पहिल्यांदाच, माझ्यासमोर.
साहेब, धन्नून म्हणजेच माशाचा माणूस.
युनूसचंच नाव ते, या शहरात गल्लोगल्ली आहे.
माझ्या घरात मी आहे.
वेगळं काय सांगितलं तुमच्या लिपीनं?

मग गप्प होतो. झाकण लावतो.

त्याचा धाकटा, घस्सान, सहा वर्षांचा.
उजवं-डावं कळायचं नाही त्याला,
म्हणून उजव्या मनगटात लाल दोरा.
पूल पडले त्या आठवड्यात तो मावशीकडे होता
उजव्या किनाऱ्यावर.
याहून जास्त धन्नून सांगत नाही,
मी विचारत नाही.
त्या आठवड्याच्याही नोंदी झाल्यात म्हणतात. आकड्यांनी.

गोष्टीच्या शेवटी देव रुसलेल्या योनाला विचारतो
की उजवं-डावं न कळणारी इतकी माणसं इथं,
आणि केवढी गुरं,
मला कळवळा येऊ नये?
योना काय म्हणाला, कुणी लिहिलेलं नाही.
लहानपणी मला वाटायचं, पान फाटलंय.

तिसऱ्या संध्याकाळी मी उपास सोडते.
धन्नून दोन पेले भरतो, साखर जरा जास्तच.
शेवटची वीट अजून ओली आहे, ओळी उठून दिसतात.
वाच ना, म्हणतो.
आणि स्वतःच बोट ठेवतो अक्षरांवर,
उजवीकडून, तुम्हा-आम्हा दोघांच्या सवयीनं.

मी त्याचं मनगट धरते,
बोट उचलून दुसऱ्या टोकाला नेते.
हे डावीकडून वाचतात, धन्नून.

एवढंही कळत नाही बघ मला,
तो म्हणतो,
आणि बोट तिथंच ठेवून बसतो.